फ्रेंच क्रियापदं वाचायची कशी: अवयव कुठे तुटतो, शेपूट कुठे गप्प राहतं

फ्रेंच शिकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाच्या वहीत एक तक्ता असतो. वर 'बोलणे' हे क्रियापद, खाली सहा सर्वनामं आणि त्यांची सहा रूपं. अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुलं हा तक्ता स्पेलिंगसकट घडाघडा लिहून दाखवतात. तोच मोठ्यानं वाचायला सांगा, की 'पार्लेस', 'पार्लेंट' सुरू होतं. कागदावर या क्रियापदाची वर्तमानकाळात पाच वेगळी रूपं आहेत आणि कानाला मात्र तीनच येतात. त्यामुळे आधी कानाचा तक्ता पाठ करावा आणि स्पेलिंग त्यावर नंतर चढवावं. उलट क्रमानं शिकलेलं पुसून काढायला फार वेळ जातो.

खालच्या पायऱ्या वाचताना पाठ्यपुस्तकातला रूपांचा तक्ता शेजारी उघडा ठेवा.

आधी या लेखातली लिहिण्याची पद्धत

हलन्त चिन्ह असेल तिथे स्वर नाही. हलन्त नसेल तिथे 'अ' म्हणायचा, तोही ओठ किंचित गोल करून. 'झ' म्हणजे 'मी' आणि तो संपूर्ण एक अवयव, म्हणजे एका दमात निघणारा तुकडा, आहे. 'बोलणे'चं रूप 'पार्ल्' मात्र ल् वर थांबतं.

अनुस्वार म्हणजे नाकातून सोडलेला स्वर. त्यात न् किंवा म् नाही. मराठीत 'अंत' वाचताना जीभ दातांना लागते, ती इथे लागता कामा नये. कोकणी बोलणाऱ्यांना हे सवयीचं आहे. बाकीच्यांनी 'लों' म्हणून जीभ खालीच पडलेली आहे ना, ते तपासावं.

'झ' हा टेलिव्हिजन शब्दाच्या मधला ध्वनी, हकाराशिवाय. 'ज़' हा गुणगुणणाऱ्या माशीचा. 'व्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला घासतात. 'त्यु' आणि 'द्यु' यांतला स्वर खरं तर एकच आहे: तोंडात 'ई' धरायची आणि ओठ शिट्टी वाजवल्यासारखे पुढे काढायचे. 'ॲ' आणि 'ॅ' हे 'बॅट'मधल्या स्वराहून थोडे मिटलेले. र घशातून येतो, पण सुरुवातीला मराठी र चालवला तरी समोरच्याला कळतं. त, द आणि प, क मात्र थेट आपलेच, दंत्य आणि हकार नसलेले. इंग्रजीमार्गे आलेले ट-ड इथे आणू नका. ही आपली आयती कमाई आहे, ती घालवू नये.

पायरी 1: शेवटची अक्षरं झाका

क्रियापदाचं रूप समोर आलं की पहिल्यांदा उजवं टोक पाहायचं. वर्तमानकाळात ई, ई-एस आणि ई-एन-टी ही तिन्ही टोकं पूर्ण गप्प असतात. ई-एन-टी म्हटलं की आपल्याला कान-नाक-घशाचा डॉक्टर आठवतो. इथे घशाला काहीच काम नाही. एकटा एस, टी, डी, एक्स शेवटी आला तर तोही गप्प.

बोलणारी टोकं मोजकीच आहेत. ओ-एन-एस म्हणजे 'ओं'. ई-झेड म्हणजे 'ए'. भूतकाळातलं (ॲंपार्फ़ॅ) ए-आय-एस, ए-आय-टी आणि ए-आय-ई-एन-टी या तिन्हींचा उच्चार एकच, 'ॲ'. पाच अक्षरांचं लांबलचक टोक पाहून बिचकायचं नाही, त्यात एकच स्वर आहे.

आता 'बोलणे'चा पूर्ण तक्ता:

मी, तू, तो, ती, ते, त्या: सगळे 'पार्ल्'.
आम्ही: 'पार्-लों'.
तुम्ही: 'पार्-ले'.

मूळ क्रियापदाच्या शेवटचा ई-आर हाही 'ए' आहे, आणि भूतकालवाचक धातुसाधिताचा शेवटही 'ए'. म्हणजे 'बोलणे', 'तुम्ही बोलता' आणि 'बोललेलं' हे तिन्ही तंतोतंत 'पार्-ले'. मुंबईकरांना लक्षात ठेवायला अडचण नाही, लोकलमध्ये रोज पुकारलं जातं. दुसऱ्या गटातल्या क्रियापदांचा आय-आर मात्र ऐकू येतो: 'फ़ि-नीर्', संपवणे.

ई-एन-टी गप्प असतो तो फक्त अनेकवचनी क्रियापदात. नामात, विशेषणात तीच अक्षरं 'आं' होतात. फ्रेंच शाळांमध्ये यावर एक जुनं वाक्य सांगतात: मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. 'मठ' आणि 'उबवतात' यांचं स्पेलिंग हुबेहूब एक, पण मठ 'कु-व्हां' आणि उबवतात 'कुव्ह्'. शब्द क्रियापद आहे की नाही हे ठरवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असाच याचा अर्थ.

आणखी एक फसवी जागा. 'तो येतो' याच्या शेवटीही ई-एन-टी दिसतो, पण तो एकवचनी आहे, म्हणून 'व्ह्यॅं' असा बोलायचा. 'तो धरतो' हाही तसाच, 'त्यॅं'. उलट 'ते अभ्यास करतात' याच्या शेवटी आय-ई-एन-टी असूनही उच्चार 'ए-त्यु-दि', कारण ते अनेकवचन आहे. आहेत, त्यांच्याकडे आहे, जातात, करतात ही चार रूपं ओ-एन-टी नं संपतात, म्हणून ती बोलतात: 'सों', 'ओं', 'व्हों', 'फ़ों'.

पायरी 2: गप्प शेपटाच्या मागचं व्यंजन ऐका

फ्रेंच क्रियापदातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे आणि पुस्तकं ती एका ओळीत उरकतात. ई-एन-टी स्वतः बोलत नाही, पण मागच्या व्यंजनाला बोलतं करतं. पहिल्या गटात (ई-आर वाली क्रियापदं) व्यंजन एकवचनातही ऐकू येतंच, म्हणून तिथे फरक पडत नाही. बाकी गटांत 'तो' आणि 'ते' यांचा फरक बहुतेक वेळा याच व्यंजनावर उभा असतो.

तो संपवतो 'फ़ि-नि', ते संपवतात 'फ़ि-निस्'.
तो विकतो 'व्हां', ते विकतात 'व्हांद्'.
तो निघतो 'पार्', ते निघतात 'पार्त्'.
तो झोपतो 'दोर्', ते झोपतात 'दोर्म्'.
तो वाचतो 'लि', ते वाचतात 'लीज़्'.
त्याला करावं लागतं 'द्वा', त्यांना करावं लागतं 'द्वाव्ह्'.

पाहा, एकवचन असो वा अनेकवचन, अवयवांची संख्या बदललेली नाही. 'व्हां' एक अवयव आणि 'व्हांद्' हाही एकच. शिकणारे इथे हमखास 'व्हां-द' असा दुसरा अवयव जोडतात किंवा घाबरून द् च गिळतात. पहिल्या चुकीनं उच्चार कृत्रिम वाटतो. दुसरी जास्त महाग पडते, कारण अनेकवचनाचं एकवचन होतं.

नाकातला स्वर असलेल्या काही क्रियापदांत आणखी एक उलथापालथ होते. तो घेतो 'प्रां', आम्ही घेतो 'प्र-नों', ते घेतात 'प्रॅन्'. तो येतो 'व्ह्यॅं', आम्ही येतो 'व्ह-नों', ते येतात 'व्ह्यॅन्'. स्वर नाकात असेल तर मागे न् नाही, आणि न् आला की स्वर नाकातून बाहेर पडला. दोन्ही एकत्र, म्हणजे 'प्रांन्', कधीच नाही. मराठी तोंडाला नेमकं हेच सोपं वाटतं, तेव्हा इथे सावध.

पायरी 3: अवयव पाडा

एका स्वराभोवतीचा एका दमात निघणारा तुकडा म्हणजे अवयव. फ्रेंचमध्ये अवयव शक्यतो स्वरावर संपतो. नियम तीनच.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या अवयवात जातं: 'फ़ि-नि', 'आ-रि-व्हे' (पोचणे). दोन व्यंजनं असतील तर एक मागे, एक पुढे: 'पार्-लों', 'दोर्-मे'. पण दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग, फ़, व्ह यांपैकी असेल, तर जोडी फुटत नाही: 'आम्ही दाखवतो' हे 'मों-त्रों'. त् मागे ठेवून 'मोंत्-रों' करू नका. अपवाद त्-ल आणि द्-ल यांचा, त्या जोड्या फुटतात.

लिहिताना ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम वेगळे आहेत, ते उच्चारात आणू नका. लेखी तोडीत दुहेरी अक्षर मधोमध तुटतं, त्यामुळे 'आम्ही संपवतो' याचे तुकडे करताना एक एस मागे राहतो, एक पुढे जातो. बोलताना स् एकच: 'फ़ि-नि-सों'. लेखी हिशोबात गप्प ई सुद्धा अवयव धरला जातो, म्हणून शब्दकोशात 'पार्ल्' चे दोन तुकडे दिसले तर गोंधळू नका. गाण्यात आणि छंदोबद्ध कवितेत तो ई पुष्कळदा खरंच म्हटला जातो. तुलूझ-मार्सेयकडच्या बोलण्यातही तो ऐकू येतो: 'पार्-ल'. ती चूक नसून दक्षिणेची ढब आहे.

दुहेरी आर बहुतेक ठिकाणी एकच बोलतात. धावणे आणि मरणे ही क्रियापदं अपवाद आहेत. 'तो धावत होता' हे 'कु-रॅ', आणि 'तो धावला असता' हे 'कुर्-रॅ', र लांबवून. अर्थाचा सगळा फरक त्या एका जास्तीच्या र् वर आहे.

आय-ओ-एन-एस आणि आय-ई-झेड या टोकांतला आय साधारणपणे य होतो आणि अवयव वाढत नाही: आम्ही बोलत होतो 'पार्-ल्यों', दोनच अवयव. पण आधी न फुटणारी जोडी आली, की जीभ अडखळते आणि आय पूर्ण स्वर होतो. 'तुम्हाला आवडेल का' विचारताना येणारं रूप 'व्हु-द्रि-ये', तीन अवयव. 'व्हु-द्र्ये' असं कोणी म्हणत नाही, म्हणून दाखवा.

पायरी 4: मधला ई गाळा, पण मोजून

हे मराठी माणसाला खरं तर शिकवायला नको. आपण 'करतात' लिहितो आणि 'कर्-तात्' म्हणतो. फ्रेंचमध्ये शब्दाच्या मधला, वर चिन्ह नसलेला ई असाच गळतो. 'तुम्ही विकत घेता' यात कागदावर तीन अवयव आणि तोंडात दोन: 'आश्-ते'. 'आम्ही बोलावतो' हे 'आ-प्लों'.

गाळायचं कधी याचा नियम मोरिस ग्रामों या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं मांडला. ई गाळल्यावर तीन व्यंजनं एकमेकांना भिडत असतील तर गाळू नका. 'मी देईन' यात न् आणि र् दोनच भिडतात, म्हणून 'दोन्-रे'. 'मी बोलेन' यात र्, ल्, र् असे तीन होतात, म्हणून ई राहतो: 'पार्-ल-रे'. 'आम्ही दिलं असतं' यात न्, र्, य् भिडतात, म्हणून पुन्हा ई राहतो: 'दो-न-र्यों'. त्याच क्रियापदात एका रूपात गळणारा ई दुसऱ्यात का राहतो, याचं उत्तर या मोजणीत आहे.

आता विकत घेणे आणि बोलावणे यांच्या तक्त्यात स्पेलिंग का बदलतं ते पाहू. 'मी विकत घेतो' इथे शेवटचा ई गप्प आहे. मधलाही गप्प झाला तर पहिल्या 'आ'नंतर स्वरच उरत नाही. म्हणून मधला ई जागा होऊन 'ॲ' होतो: 'झा-शॅत्'. 'आम्ही' लावलं की शेवटी 'ओं' येतो आणि मधला पुन्हा गळतो: 'नु-ज़ाश्-तों'. कापूस म्हणताना ऊ असतो आणि कापसाचा म्हणताना तो पडतो, त्याच जातीचा हा प्रकार. जागा झालेला ई कागदावर दोन तऱ्हांनी दाखवतात: त्यावर डावीकडून उतरती रेघ देऊन, किंवा पुढचं व्यंजन दुप्पट करून. 'माझं नाव...' हे पहिल्याच तासाला शिकलेलं वाक्य घ्या: 'झ-मा-पॅल्', त्यात एल दोन आहेत. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणेनं बोलावणे, फेकणे आणि त्यांच्यापासून बनलेली क्रियापदं सोडून या जातीच्या बाकी क्रियापदांना सरसकट रेघच सुचवली. जुनी रूपंही चालतात, म्हणून दोन पुस्तकांत दोन स्पेलिंगं सापडतील. उच्चार दोन्हींत एकच.

ज्या ई वर उजवी चढती रेघ आहे तो कधीच गळत नाही: 'आम्ही पसंत करतो' हे 'प्रे-फ़े-रों', तिन्ही अवयव खणखणीत.

खाणे या क्रियापदात 'आम्ही'च्या रूपात एक जास्तीचा ई दिसतो. तो स्वर नाही. ओ च्या आधी जी चा 'ग' होऊ नये म्हणून ठेवलेला आहे. 'मां-झों', दोनच अवयव. 'मां-झे-ओं' ऐकलं की समजावं, पाठांतर डोळ्यांनी झालंय.

पायरी 5: सर्वनाम जोडा

फ्रेंच माणूस शब्द सुटे बोलत नाही, म्हणून अवयवही सर्वनामासकट पाडायचे. क्रियापद स्वरानं सुरू होत असेल तर मागचं व्यंजन पुढे सरकतं. 'तो प्रेम करतो' हे 'इ-लॅम्'. 'ते प्रेम करतात' यात एरवी गप्प असलेला एस जागा होऊन ज़ होतो: 'इल्-ज़ॅम्'. पहिल्या गटात क्रियापद दोन्हीकडे सारखंच ऐकू येत असल्यामुळे एकवचन-अनेकवचनाची खूण हा ज़ एवढीच. डेल्फ ए1 या सुरुवातीच्या पातळीच्या फ्रेंच परीक्षेत चार भाग असतात, प्रत्येकी 25 गुणांचे, आणि त्यातला एक निव्वळ ऐकण्याचा. तिथे हा कान उपयोगी पडतो.

ज़ आणि स् यांची गल्लत झाली तर अर्थच पालटतो. या जोड्या रोज म्हणाव्यात:

त्यांच्याकडे आहे 'इल्-ज़ों', ते आहेत 'इल्-सों'.
आमच्याकडे आहे 'नु-ज़ा-व्हों', आम्हाला माहीत आहे 'नु-सा-व्हों'.

एच कधीच ऐकू येत नाही: आम्ही राहतो 'नु-ज़ा-बि-तों'. पण काही एच शब्दांना जोडू देत नाहीत. द्वेष करणे हे त्यातलं: 'नु आ-इ-सों', मध्ये ज़ नाही.

प्रश्न विचारताना क्रियापद आधी आणि सर्वनाम नंतर आलं, की 'तो/ती/ते' च्या आधी नेहमी त् ऐकू येतो. तो शेवटी असेल तर जागा होतो ('फ़ि-नि-तिल्'), नसेल तर मध्ये घालतात ('आ-तिल्', 'पार्-ल-तिल्'), आणि डी असेल तर त्याचाही त् च होतो: 'तो घेतो का' हे 'प्रां-तिल्'. इथे 'प्रां-दिल्' म्हणणारे पुष्कळ.

भर शेवटच्या अवयवावर, तोही शब्दाच्या नसून बोलण्याच्या गटाच्या. मधले अवयव सारख्या लांबीचे ठेवा.

नियमांना न जुमानणारे थोडे

'आम्ही करतो' लिहिताना ए-आय आहे, पण उच्चार 'फ़-ज़ों'. 'मी करत होतो' सुद्धा 'फ़-ज़ॅ'. मात्र 'तुम्ही करता' हे सरळ 'फ़ॅत्'. 'असणे'चं 'तुम्ही' रूप 'ॲत्' आणि 'सांगणे'चं 'दित्': या तीन क्रियापदांत 'तुम्ही'ला ई-झेड लागत नाही.

'जवळ असणे' याचं भूतकालवाचक रूप ई-यू असं लिहितात आणि नुसता तो शिट्टीचा यु म्हणतात: 'झे-यु', दोन अवयव.

'मी बोलेन' (शेवटी ए) आणि 'मी बोललो असतो' (शेवटी ॲ) हा फरक पुस्तकात ठळक असतो, पण आज बरेच फ्रेंच लोक दोन्ही सारखेच बोलतात. बोलताना फरक करा, ऐकताना तो मिळेलच असं धरू नका. तसंच भरभर बोलण्यात 'मी आहे' याचं 'झ-स्वि' न राहता 'श्वि' होतं. ते ओळखता यायला हवं, पण परीक्षेच्या टेबलावर म्हणायची घाई नको.

सराव असा करा

एक क्रियापद घ्या. सहा रूपांच्या जागी वेगळ्या आवाजांचा तक्ता मांडा: बोलणे 3 आवाज, संपवणे 4, विकणे 4, घेणे 4, असणे 5, जाणे 5. आकडा जुळला नाही तर कुठलं तरी शेपूट चुकून बोललं जातंय किंवा एखादं व्यंजन गिळलं जातंय.

मग हनुवटीखाली तळहात धरून सर्वनामासकट म्हणा. जबडा जितक्यांदा खाली येईल तितके अवयव. 'इल्-पार्ल्' ला दोनदा, 'नु-पार्-लों' ला तीनदा. 'इल्-पार्ल्' ला तिसरा हिसका बसला तर ल् नंतर 'अ' शिरलाय.

उच्चार पडताळायला फ्रेंच विक्शनरीतले क्रियापदांचे तक्ते चांगले, कारण त्यात प्रत्येक रूपापुढे ध्वनिलिपी दिलेली असते. शेवटी मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता तो ऐकून रूपं लिहून काढा. 'तो' लिहिलं आणि बोलताना 'ते' म्हणायचं होतं, अशी जागा सापडली की पायरी 2 आणि 5 मधल्या जोड्या पुन्हा म्हणायला घ्या.